धरलं होतं

सागवानाच्या रोपवनाशी रस्ता वळतो तिथे ते थांबायचे, हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायचे आणि समोरच्या झाडीला सांगायचे, “बाजूले व्हा मोठे भाऊ. मॅडमबाई येऊन राह्यल्या, शाळेले उशीर होते.”

मोठे भाऊ म्हणजे वाघ. मॅडमबाई म्हणजे मी. नुसतं ‘मॅडम’ त्यांना कोरडं वाटायचं आणि शिकलेल्या बाईला नुसतं ‘बाई’ म्हणणं बरं दिसत नाही असा त्यांचा समज होता, म्हणून त्यांनी दोन्ही जोडून टाकलं होतं. त्यांना स्वतःला सगळी वस्ती भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणायचे. त्यामुळे वाघाला मोठेपण देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

तुम्ही कधी चंद्रपूरकडून वाघ बघायला आला असाल, तर आमची वस्ती तुम्ही पाहिली आहे. लक्षात राहिली नसेल एवढंच. जंगलाच्या गेटच्या अलीकडे डाव्या हाताला एक तलाव लागतो, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून पन्नास-साठ घरं, एक दोन खोल्यांची शाळा, शाळेसमोर कडुनिंब. जिप्सी तिथे जरा सावकाश होते, कारण रस्त्यात कोंबड्या असतात. गाडीतली माणसं टोप्या सावरतात, एखादं मूल हात हलवतं, आणि वस्ती संपते. त्या शाळेत मी सात वर्षं शिकवलं.

माझं माहेर कोरपन्याकडचं. कपाशीची शेतं, दूर सिमेंटच्या कारखान्याच्या चिमण्या, नजर जाईल तिथवर उघडं आभाळ. जंगल मी लांबूनच पाहिलेलं. तालुक्याच्या गावी खोली घेऊन मी रोज एसटीने यायचे, फाट्यावर उतरायचे, आणि तिथून अडीच किलोमीटर रस्ता दोन्ही बाजूंच्या झाडीतून चालत जायचा होता. पहिल्या दिवशी मी फाट्यावर अर्धा तास नुसती उभी होते. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारावं तर कोणी दिसेना. शेवटी भाऊ आले. पहाटे पकडलेली मासळी चौकात विकून रिकामी टोपली सायकलला बांधून घरी चालले होते. पन्नाशी उलटलेला, काटक, काळा माणूस, डोक्याला टॉवेल. सायकलवरून उतरले आणि म्हणाले, “शाळेच्या काय? चला.”

मी म्हटलं, सायकल आहे तर तुम्ही पुढे जा, मी मागून येते. तर म्हणाले, सायकलवर माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. सरळ चालायचं आणि बोलत राहायचं. मग त्या दिवसापासून ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायला लागले. मी कधी या म्हटलं नाही, त्यांनी कधी येऊ का विचारलं नाही. शाळा दुपारी सुटली की पाळीवर जाळं विणत बसलेले असायचे, मला पाहिलं की उठायचे. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, अंगात ताप असताना. हिशेब केला तर मला वाटतं माझ्या नवऱ्यापेक्षा मी त्यांच्याबरोबर जास्त चालले असेन.

बोलत राहायचं हा नियम त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाळला. मरळ चिखलात कशी दडते, कतला जाळ्यात आली की कशी भांडते, तलावाच्या मधोमध पाण्याखाली जुनं चिंचेचं खोड आहे आणि त्यात त्यांच्या वडिलांचं जाळं अजून अडकलेलं आहे, हे सगळं मला पाठ झालं होतं. वाघाबद्दल ते कमी बोलायचे. एकदा एका जिप्सीतल्या बाईंनी गाडी थांबवून हिंदीत विचारलं की इकडे वाघ दिसला का. भाऊ गंभीरपणे म्हणाले, आज नाई जी, आज उनकी सुट्टी है. जिप्सी गेल्यावर मी हसत होते, तर ते मला म्हणाले, “हासू नोका. माह्या बाजूनं दोनदा गेला तो, मंग माह्यी बोलीच बंद झाली होती.”

आमच्या भागाचा गार्ड, म्हणजे वनरक्षक, बल्लारपूरचा होता. तोही पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा. त्याचं आणि भाऊंचं कायमचं वाकडं. तलावाच्या पलीकडच्या अंगाला मासेमारीला बंदी होती आणि मासळीला ते कोणी सांगितलं नव्हतं, असं भाऊंचं म्हणणं. गार्डने दोनदा त्यांचं जाळं जप्त केलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा भाऊ तीन दिवस त्याच्या क्वार्टरच्या दारासमोर जाऊन बसले. भांडले नाहीत, विनवलं नाही. गार्ड बाहेर आला की रामराम करायचे, आत गेला की गप्प. चौथ्या दिवशी गार्डने जाळं आणून त्यांच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाला, घेऊन जा बापा, माझी बायको मला घरात राहू देईना. मग दोघांनी चहा घेतला. गार्डचं नाव निघालं की भाऊ म्हणायचे, “माणूस खराब नाई. नोकरी खराब आहे.”

आता सांगायचं ते सांगते. इतका वेळ मासळीच्या गोष्टी सांगत बसले ते त्यासाठीच.

मोहफुलं पडायचे दिवस होते. शाळा सकाळची होती. त्या दिवशी भाऊ मला शाळेत सोडून घरी गेले. मोहफुलं वेचायला वस्तीतल्या बाया पहाटेच जंगलाच्या कडेला गेल्या होत्या. फुलं वेचताना माणूस वाकलेलाच असतो. नऊच्या सुमाराला बायांचा आरडाओरडा ऐकू आला. वाघिणीने एकीला नेलं होतं. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची ती आई.

त्या मुलीला मी मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. गार्ड बातमी ऐकून एकटाच मोटारसायकलवर आला होता. येऊ नये हे त्याला कळलं नाही, की कळूनही आला, मला माहीत नाही. लोकांनी त्याला जंगलाच्या कडेला सापडलेल्या प्रेताजवळ गाठलं. महिनाभर लोक सांगत होते की वाघीण पाळीपर्यंत येते, काहीतरी करा, आणि त्या सगळ्या महिन्याचा राग समोर उभ्या असलेल्या एका माणसावर निघाला. तो पळत शाळेच्या आवारात आला. मी मुलांना आत ओढलं, दार लावलं, आणि खिडकीशी उभी राहिले.

खिडकीपासून कडुनिंब वीस पावलांवर आहे. मला सगळं दिसत होतं. पहिला दगड शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाच्या पुतण्याने मारला, गार्डच्या कपाळावर. मग काठ्या आल्या. गार्ड झाडाशी पडायला आला, तेवढ्यात भाऊ गर्दीतून घुसले आणि त्यांनी मागून दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. त्याचं डोकं आपल्या छातीखाली दाबलं आणि स्वतःची पाठ लोकांकडे केली. मला वाटतं सात-आठ काठ्या त्या पाठीवर बसल्या. प्रत्येक काठीला त्यांचं अंग हलायचं, पण हात सुटत नव्हते. ते ओरडून काही म्हणत होते. शब्द ऐकू आले नाहीत. मग कोणीतरी पोलिसांची गाडी आली म्हणून हाक दिली आणि गर्दी पांगली. गाडी आली नव्हती. गार्ड बेशुद्ध होता. भाऊंनीच त्याला बैलगाडीत घालून फाट्यापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला समितीचे अध्यक्ष आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, मुलांच्या हजेरीची चौकशी केली. जाताना दारात थांबून म्हणाले, “मॅडम, तुमी त आत होत्या ना, पोरायले घेऊन. तुमाले बाहेरचं काय दिसनार?” मी काही बोलले नाही. माझा बदलीचा अर्ज त्या वर्षी गेलेला होता. माझी मुलगी दोन वर्षांची होती आणि माहेरी आईजवळ राहत होती. ही कारणं आहेत. मी ती स्वतःला फार वेळा सांगितली आहेत, म्हणून तुम्हालाही एकदाच सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी मला पोलिसांनी जबाबाला बोलावलं. जबाब घेणारा माणूस वाईट नव्हता. त्याने पंखा माझ्याकडे वळवला. त्याच्यापुढे आधीचे काही जबाब होते आणि गार्डचाही होता. गार्डला शुद्धीवर आल्यावर एवढंच आठवत होतं की कोणीतरी त्याला मागून आवळून धरलं होतं, हलता येत नव्हतं, आणि मार पडत होता. वस्तीतल्या दोन साक्षीदारांनीही भाऊंचं नाव घेतलं होतं. मला विचारलं, यानं गार्डला धरलं होतं, हे तुम्ही पाहिलं का?

मी म्हटलं, “हो. धरलं होतं.”

तो लिहीत होता. मी पुढे काही बोलेन का हे बघायला त्याने पेन थांबवलं नाही, आणि मी बोलले नाही. कशासाठी धरलं होतं हे त्याने विचारलं नाही. ते सांगायचं तर मग काठ्या कोणाच्या, दगड कोणाचा, हेही सांगावं लागलं असतं. खोटा शब्द मी एकही बोलले नाही. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, तेही आठवतं.

भाऊंना आणि आणखी दोघांना पकडून नेलं. अध्यक्षाचा पुतण्या नागपूरला कामाला गेला असं कळलं. भाऊ दीड महिना चंद्रपूरच्या जेलमध्ये होते. त्या दिवसांत मी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांच्या मोटारसायकलवर मागे बसून यायचे. वळणाशी मी डोळे मिटून घ्यायचे, वाघाच्या भीतीने नव्हे.

एकदा मधल्या सुट्टीत भाऊंची बायको शाळेत आली. आत आली नाही, पायरीवर बसली. मला म्हणाली, “मॅडमबाई, तुमी त होत्या तिथी. त्यानं कोनाले मारलं का? मले खरं सांगा, मी कोनाले सांगत नाई.”

मी म्हटलं, “मी मुलांना आत घेत होते.”

ती उठली. मग पदराने पायरी पुसली, का कोण जाणे, आणि गेली.

भाऊ सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर मोटारसायकलची वाट बघत उभी होते, आणि ते आले. सायकल नव्हती. “चला,” म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही. वाटेत त्यांनी जेलच्या गोष्टी सांगितल्या. वरण इतकं पातळ की त्यात मासे सोडता आले असते. बराकीतल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सुतळीची गाठ मारायला शिकवलं. पहाटे जाग यायची आणि पाण्याचा आवाज नाही म्हणून पुन्हा झोप लागायची नाही. मी हं हं करत होते. त्यांची पाठ आता सरळ होत नव्हती. चालताना ते उजवीकडे झुकायचे, आणि वळण आलं की काठी जमिनीत रोवून, दात आवळून, स्वतःला सरळ करायचे. तेवढ्यापुरते. वळण गेलं की पुन्हा झुकायचे.

असे पाच-सहा महिने गेले. मी रोज ठरवायचे, आज बोलायचं. अडीच किलोमीटर म्हणजे कमी अंतर नाही. एका दिवशी त्यांनीच विषय काढला. नेहमीच्याच आवाजात, पुढे बघत.

“वकिलानं कागद वाचून दाखवला मॅडमबाई. तुमचं पन नाव होतं.”

माझे पाय थांबले. तेही थांबले.

“तुमी खरंच सांगितलं,” ते म्हणाले. “मी धरलंच होतं न त्याले.”

त्या वाक्यात टोमणा होता का, हे मी आजही शोधते आहे. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, माझी मान खाली होती. त्यांना टोमणे मारता येत नसत, एवढं मला माहीत आहे. पण मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील, तर ते टोमण्याहून वाईट. मी म्हटलं, भाऊ, मी कोर्टात सगळं सांगेन. ते म्हणाले, “सांगा न. चला, उशीर होते.”

कोर्टाची तारीख लागायला वर्षं जातात हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यासाठी थांबायची गरज नव्हती, हेही मला तेव्हा माहीत होतं. त्यांचा वकील चंद्रपुरात बसायचा. एक एसटी बदलून मी त्याच्याकडे जाऊ शकत होते. पोलिसांकडे परत जाऊ शकत होते. गार्ड बल्लारपूरला घरी पडून होता, त्याला दोन ओळींचं पत्र लिहू शकत होते. त्याला तर आयुष्यभर वाटत राहणार होतं की ज्या माणसाबरोबर चहा घेतला, त्यानेच आपल्याला धरून मार खायला लावला. यातलं मी काहीही केलं नाही. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी भाऊंनी मला पानात गुंडाळून मरळ दिली आणि ती कशी शिजवायची ते दोनदा सांगितलं.

दीड वर्षाने जुन्या शाळेतल्या शिक्षकांचा फोन आला. भाऊ गेले. छातीचं दुखणं होतं, दवाखान्यात नेईपर्यंत संपले. मातीला जायला वेळ होता, मी गेले नाही. मुलीची परीक्षा होती. खरोखरच होती.

त्यानंतर तीन वर्षांनी मला साक्षीचं समन्स आलं. मी गेले. एका रात्रीत नव्हे, कितीतरी महिन्यांपासून वाक्यं पाठ केलेली होती. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा समोर फक्त दोघं होते. मला त्या दोघांबद्दल विचारलं, यांनी मारलेलं पाहिलं का. मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. मग मी म्हणाले, साहेब, तिसरे जे होते, त्यांनी गार्डला वाचवायला धरलं होतं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. शांतपणे म्हणाले, बाई, ते वारले आहेत, त्यांच्यापुरता खटला संपला आहे. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या.

कोर्टातून मी सरळ वस्तीवर गेले. भाऊंची बायको अंगणात झिंगे वाळत घालत होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. खिडकीपासून सुरुवात केली, उसाच्या रसापर्यंत. तिने हात थांबवला नाही. माझं झाल्यावर म्हणाली, “त्यानं कोनाले मारलं नसन, हे मले माहीत होतं. मी त्याची बायको आहो. मले काऊन सांगता?”

मी टोपलीतले झिंगे उचलून पसरायला लागले.

“शाळेत सांगा,” ती म्हणाली. “माह्या नातीले पोरी जेलवाल्याची म्हनते.”

नव्या गुरुजींनी मला पंधरा मिनिटं दिली. चौथीचा वर्ग होता. फळा तोच, खिडकी तीच. नात दुसऱ्या ओळीत बसली होती, ती मला ओळखत नव्हती. मी मुलांना गोष्टीसारखं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. झालं ते सांगितलं. तिथे, त्या झाडाशी, तुमच्या गावातल्या माणसांनी एका माणसाला मारलं, तिच्या आजोबांनी त्याला कवेत घेऊन तो मार आपल्या पाठीवर घेतला, आणि मी हे पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं नाही. गुरुजी दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते.

नात उभी राहिली. हात वर करून उभी राहिली, शाळेत विचारतात तशी.

“तवाच काऊन नाई सांगितलं?”

“मी घाबरले होते, बाळा.”

“आबा नाई घाबरले?”

“नाही,” मी म्हटलं. “ते नाही घाबरले.”

तिला ते पटलं नाही. आजोबांना ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

“घाबरले असन,” ती म्हणाली. “पन सोडलं नाई.”

मग खिचडीची घंटा झाली. तिने दप्तरातून ताट काढलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.